पिकअपमधली दुसरी बॅटरी कुठून आली?

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना कळतं पण वाचताना अडतं, अशी काही वाक्यं सरळ केली आहेत. बाकी बोललो तसंच.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की गॅरेजचा? दोन्ही समजा. आज आपण बोलणार आहोत पिकअपमध्ये बसवलेल्या दुसऱ्या बॅटरीबद्दल. म्हणजे गाडीच्या बॉनेटखाली कंपनीची एक बॅटरी असतेच. ती सोडून सीटमागे किंवा हौद्याच्या कोपऱ्यात लाकडी नाहीतर पत्र्याच्या डब्यात ठेवलेली दुसरी. तिच्यावर बल्ब चालतात, मोबाईल चार्ज होतात, छोटा अँप्लिफायर चालतो.

मी शिरूर कासारचा. पुण्याजवळचं घोडनदीचं शिरूर नव्हे, बीड जिल्ह्यातलं, सिंदफणा नदीचं. आमच्या तालुक्याला दोन ऋतू जास्त ओळखीचे आहेत, माणसं जायचा आणि माणसं परत यायचा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिकडे कारखान्याने आणि मुकादमाने ठरवलं तिकडे. पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. कोपी म्हणजे बांबू, पाचट, ताडपत्री याची झोपडी. तिच्यात मीटर नसतो, बटण नसतं. ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीबरोबर अलीकडे पिकअपही असतात, आणि मग अंधार पडल्यावर सगळ्यांची नजर त्या पिकअपच्या बॅटरीकडे जाते.

आता प्रश्न असा, की एक बॅटरी असताना दुसरी लागतेच कशाला? इथे आपण आधी थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

डिझेल पिकअपला सेल्फ मारला की स्टार्टर मोटर साधारण 200 अँपिअर करंट खेचते. ऐकायला भयंकर आकडा आहे. पण किती वेळ? तीन सेकंद. 200 गुणिले 3, म्हणजे 600 अँपिअर-सेकंद. तासात मांडलं तर 0.17 अँपिअर-तास. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर हे देणं मिनिटभरात फेडून टाकतो. म्हणजे गाडी सुरू करणं हे बॅटरीसाठी जोराचं, पण फार थोडं काम आहे.

आता रात्रीचं काम बघा. दहा-दहा वॅटचे तीन एलईडी बल्ब सहा तास, म्हणजे 180 वॅट-तास. बारा मोबाईल, प्रत्येकी 15 वॅट-तास धरले तर अजून 180. एकूण 360. बाराने भागा, 30 अँपिअर-तास. गाडीची बॅटरी समजा 75 ची आहे, तर एका रात्रीत चाळीस टक्के रिकामी. एकदा चालेल, दोनदा चालेल. आठवडाभर रोज केलं तर पहाटे सेल्फ मारल्यावर नुसता टक-टक आवाज येणार. आणि मग सगळे मिळून धक्का.

कारण या बॅटरीच्या आतल्या प्लेटा पातळ असतात आणि जास्त असतात. क्षणात भरपूर करंट द्यायचा तर शिशाचा जितका पृष्ठभाग उघडा तितकं चांगलं. पण पातळ प्लेट पुन्हा पुन्हा खोलवर रिकामी केली, की तिच्यावरचा माल झडतो. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत उलटं असतं. तिथे जाड नळ्यांसारखी रचना असते, झटका कमी, दम जास्त. एकाला शंभर मीटरचा धावपटू म्हणा, दुसऱ्याला वारकरी.

ही दोन कामं एकाच बॅटरीच्या गळ्यात कधी पडली, इथून आपला खरा इतिहास सुरू होतो.

चार्ज करता येणारी शिशाची बॅटरी 1859 मध्ये फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटेने बनवली. शिशाचे दोन पत्रे, मधे अटकाव, सगळं गुंडाळून सल्फ्युरिक ॲसिडमध्ये. 1881 मध्ये कामिल फोरने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साईडचा लेप द्यायची युक्ती काढली आणि बॅटरी कारखान्यात बनवण्याजोगी झाली. तेव्हा मोटारगाड्या जवळपास नव्हत्याच. त्यामुळे गंमत अशी, की चालत्या वाहनात बॅटरीने पहिलं मोठं काम केलं ते रस्त्यावर नाही, रेल्वेत. आणि ते काम इंजिन सुरू करायचं नव्हतं, दिवे लावायचं होतं.

लंडनच्या जे. स्टोन कंपनीने 1890 च्या दशकात रेल्वेच्या डब्यांसाठी एक व्यवस्था बाजारात आणली. डब्याच्या आसाला पट्टा, पट्ट्यावर डायनॅमो, डब्याखाली पेटीत बॅटऱ्या. गाडी धावते तेव्हा डायनॅमो दिवेही लावतो आणि बॅटरीही भरतो. स्टेशनात थांबली की दिवे बॅटरीवर. आता अडचण बघा. गाडी थांबली की डायनॅमो थांबतो, आणि जोडणी तशीच राहिली तर बॅटरीतला करंट उलटा डायनॅमोत जाऊन वाया जाणार. म्हणून ठराविक वेग आल्यावरच डायनॅमो जोडणारा आणि वेग कमी झाला की तोडणारा आपोआप चालणारा स्विच बसवला. वेग फार वाढला तर काय? स्टोनवाल्यांनी डायनॅमो असा टांगला की ठराविक ओढीनंतर पट्टा मुद्दाम घसरावा. इंजिनिअर म्हणून सांगतो, मला हा भाग फार आवडतो. बिघाड वाटावा अशी गोष्ट त्यांनी नियंत्रण म्हणून वापरली. ही व्यवस्था भारतातल्या रेल्वेतही आली आणि पुढे कितीतरी दशकं डब्यांखाली पट्ट्यांवर फिरत राहिली. जुन्या निळ्या डब्यांखाली त्या बॅटरीच्या लोखंडी पेट्या तुम्ही पाहिल्या असतील.

तो स्विच लक्षात ठेवा. शेवटी परत लागणार आहे.

मोटारीचं काय? सुरुवातीच्या मोटारी पुढे हँडल घालून, फिरवून सुरू करायच्या. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. विजेवर सुरू करायचा विचार अनेकांनी केला, पण हिशोब बसेना. इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटर घेतली तर ती गाडीत मावेना. हा प्रश्न सोडवला चार्ल्स केटरिंग या माणसाने. ओहायोतल्या शेतकरी घरातला मुलगा. त्याआधी तो नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याचा ड्रॉवर उघडायला मोटर सतत चालायची गरज नसते, क्षणभर जोर लागतो. छोट्या मोटरला तेवढ्या क्षणापुरता तिच्या ऐपतीपेक्षा कितीतरी जास्त करंट दिला, तरी ती जळत नाही, कारण तापायला वेळच मिळत नाही. हीच अक्कल त्याने मोटारीला लावली. 1912 च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ-स्टार्टर आला.

पण केटरिंगने अजून एक गोष्ट केली. तीच यंत्रणा इंजिन चालू झाल्यावर जनरेटर म्हणून वापरायची आणि त्याच बॅटरीवर दिवे लावायचे. सुरू करणं, भरणं, उजेड, सगळं एकात. कंपनीच्या दृष्टीने हे बिनतोड होतं. आजपर्यंत जगातली जवळपास प्रत्येक इंजिनची गाडी याच आराखड्यावर चालते. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या सेवा एकाच सर्व्हरवर टाकल्या. चालतं, जोपर्यंत एखादी सेवा रात्रभर सगळी मेमरी खात नाही तोपर्यंत.

केटरिंगला स्वतःला दोन कामांतला फरक चांगला माहीत होता, असं मला वाटतं. कारण 1916 मध्ये त्याच्याच मंडळींनी डेल्को-लाईट नावाचा संच काढला, तो वेगळाच होता. छोटं इंजिन, जनरेटर आणि काचेच्या भांड्यांतल्या बॅटऱ्या, 32 व्होल्टचा. कुणासाठी? जिथे तारा पोचल्या नव्हत्या अशा शेतकऱ्यांच्या घरांसाठी. अमेरिकेतल्या शहरांत तेव्हा वीज होती आणि खेड्यांत बहुतेक ठिकाणी नव्हती. आपल्याकडची गोष्ट वाटते ना?

गाडीत खऱ्या अर्थाने दुसरी बॅटरी घुसली ती युद्धात. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप 6 व्होल्टची. पण तिच्यात वायरलेस संच बसवायचा तर 12 व्होल्ट हवेत, आणि इंजिन बंद ठेवून बराच वेळ ऐकत बसायचं तर गाडीची बॅटरी पुरायची नाही. शिवाय रेडिओ ऐकून ऐकून बॅटरी उतरली आणि नेमकी निघायची वेळ आली तर? म्हणून रेडिओच्या जीपना 12 व्होल्टचा वेगळा जनरेटर आणि वेगळ्या बॅटऱ्या द्यायचे. पळून जायची ताकद एका बाजूला, बोलायची ताकद दुसऱ्या बाजूला.

हीच जीप स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. आज आपण जिच्या हौद्यात बसतो ती बोलेरो पिकअप त्याच घराण्यातली. मालवाहतुकीची दुसरी शाखा आपल्या आणखी जवळची. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या फिरोदिया घराण्यातल्या नवलमल फिरोदियांनी 1958 मध्ये जर्मनीतल्या टेम्पो कंपनीशी करार करून बजाज टेम्पोची तीनचाकी काढली. आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो तो शब्द हॅम्बुर्गजवळच्या त्या कंपनीच्या पाटीवरून आला आहे. पुढे 2005 च्या मे महिन्यात पुण्यात टाटा एस आली, आपला छोटा हत्ती. या गाड्यांनी खेड्यातल्या माणसाच्या हातात स्वतःची मालगाडी दिली. बॅटरी मात्र तिथेही एकच, तीन सेकंदांच्या कामाची.

आणि लोकांनी तिच्यावर काय काय टांगलं! सगळ्यात आधी भोंगा. निवडणूक असो, सप्ताह असो, नाहीतर जत्रा, जीपच्या टपावर दोन कर्णे आणि आत आहुजाचा अँप्लिफायर. आहुजा कंपनी 1940 पासूनची. त्या अँप्लिफायरच्या मागे विजेच्या वायरीशेजारी 12 व्होल्टचे दोन स्क्रू असायचे, आजही असतात. ज्या देशात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिथे हे दोन स्क्रू म्हणजे यंत्राचा निम्मा उपयोग. प्रचाराची जीप गल्लीत उभी राहायची, इंजिन बंद, भाषण चालू. मग शहाणा ऑपरेटर अँप्लिफायरला वेगळी बॅटरी आणायचा. बसवायचा नाही, नुसती पायाशी ठेवायचा, आणि रात्री चार्जिंगच्या दुकानात टाकायचा. आपल्याकडच्या दुसऱ्या बॅटरीची सुरुवात मला तरी या पायाशी ठेवलेल्या बॅटरीत दिसते.

इथे एक गैरसमज काढून टाकू. कुणी म्हणेल, ट्रकला तर आधीपासून दोन बॅटऱ्या असतात. असतात. पण त्या 12 अधिक 12 अशा एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट करायला. दोन्ही मिळून एकच काम करतात. ट्रकवाल्यांची जुनी खोड म्हणजे 12 व्होल्टचा टेपरेकॉर्डर त्यातल्या एकाच बॅटरीवर जोडायचा. मग एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते आणि दुसरी जास्त भरते. भरणारा अल्टरनेटर दोघींची बेरीज बघतो, एकेकीची तब्येत बघत नाही. एक उपाशी, एकीला अजीर्ण, आणि थोड्या महिन्यांत दोन्ही भंगारात. गाणी फुकट पडत नाहीत.

आता मराठवाड्याकडे. आमचा जिल्हा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. मग मुंबई राज्य, मग 1960 मध्ये महाराष्ट्र आणि त्याच वर्षी वीज मंडळ. तारा आल्या, पण तारेत वीज असणं ही वेगळी गोष्ट. 2001 मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला आणि पुढची दहाएक वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने जे लोडशेडिंग भोगलं ते आज पंचविशीत-तिशीत असलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. दहावीचा अभ्यास कशावर केला विचारा. गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा करायची योजना आली ती याच काळात.

लोडशेडिंगने एक गोष्ट नकळत केली. इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी तालुक्याच्या बाजारात आणली. बॅटरी आधीही होती. एक्साईडची मूळ कंपनी भारतात 1947 ची, चिंचवडचा कारखाना 1969 चा. पण ती गाडीची बॅटरी म्हणून. खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरणारी बॅटरी सामान्य घरात आली ती लोडशेडिंगमुळे. दुकानदाराला तिचं पाणी बघता येऊ लागलं, मिस्त्रीला जोडता येऊ लागली. घरात जुनी झालेली बॅटरी पिकअपमध्ये जाणं ही मग फार लांबची उडी नव्हती.

पण जोडायची कशी? नुसती प्लसला प्लस, मायनसला मायनस लावली तर दोन्ही एकच होतात. रात्री दोन्ही उतरणार, म्हणजे खर्च केला आणि धक्का राहिलाच. गाडी चालू असताना दोन्ही जोडलेल्या हव्यात, बंद असताना तुटलेल्या. यावर तीन पिढ्यांचे उपाय झाले. पहिला, हाताचा स्विच. चांगला, फक्त लक्षात राहायला हवं. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाने रात्री स्विच फिरवायला विसरू नये अशी अपेक्षा करणारा माणूस शहरातला असणार. दुसरा, सिलिकॉनचे डायोड. करंट एकाच दिशेने जातो, विसरायचा प्रश्नच नाही. पण डायोड वाटेत 0.7 व्होल्टच्या आसपास खातो. 14.2 चे 13.5 होतात आणि शिशाची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. तिसरा, व्होल्टेज बघून चालणारा रिले. पहिल्या बॅटरीवर 13.3 व्होल्ट दिसले, म्हणजे अल्टरनेटर चालू आहे, की दुसरी जोडायची. 12.8 च्या खाली गेलं की तोडायची.

ओळखलंत? हा रेल्वेचाच स्विच आहे. तिथे वेग बघायचा, इथे व्होल्टेज. गॅरेजमध्ये जुने मिस्त्री अजून चार्जिंगच्या नियंत्रणाला कटआउट म्हणतात. डायनॅमोच्या काळात तशी वेगळी डबी असायची. आता ती अल्टरनेटरच्या पोटात गेली, नाव मात्र तोंडात राहिलं.

वायरीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. कारण बहुतेक ठिकाणी पैसे वाचवतात ते इथेच. बॉनेटपासून हौद्यापर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर तांबं धरा. 4 चौरस मिलिमीटरची वायर टाकली आणि 30 अँपिअर गेला, तर वाटेतच 1.3 व्होल्ट संपतात. दुसऱ्या बॅटरीला मिळतात 12.9. म्हणजे दिवसभर गाडी चालली तरी ती अर्धपोटीच. 16 ची वायर टाकली तर नुकसान 0.3. लोक म्हणतात बॅटरी खराब निघाली. बॅटरी बिचारी बरी असते. आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसजवळ एकेक फ्यूज हवाच, कारण ही वायर पत्र्याला घासली तर दोन्ही टोकांनी करंट ओतला जातो आणि गाडी पेटते. ॲसिडची बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते, तेव्हा ती केबिनमध्ये बंद डब्यात नको, हौद्यात, हवा लागेल अशी, आणि पट्ट्याने आवळलेली. हौद्यात माणसं बसतात, लेकरं बसतात.

नव्या गाड्यांनी यात अजून एक गाठ मारली आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. बऱ्याच नव्या गाड्यांत डिझेल वाचवायला अल्टरनेटर मधेमधे व्होल्टेज उतरवतो. साधा रिले समजतो गाडी बंद झाली, आणि जोडणी तोडतो. म्हणून आता मधे डीसी-डीसी चार्जर लावतात. तो कमी व्होल्टेज घेऊन स्वतः वाढवून देतो.

बॅटरीचा मसालाही बदलतोय. लिथियम आयर्न फॉस्फेट. 1997 चा तो गाजलेला शोधनिबंध जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासच्या प्रयोगशाळेतला, पण त्यावर पहिलं नाव आहे अक्षय पाढी यांचं. 2019 च्या नोबेलच्या वेळी गुडइनफ यांचे फोटो सगळीकडे झळकले, पाढी किती जणांना माहीत आहेत? या बॅटरीत ॲसिड सांडत नाही, वजन निम्म्याहून कमी, आणि खोलवर रिकामी केली तरी हजारो वेळा भरते. एकरकमी किंमत मात्र जास्त. उचल घेऊन घर सोडणाऱ्या माणसाला एकरकमी हाच शब्द परवडत नाही. म्हणून अजून टोळीत शिशाचीच दिसते.

आणि कोपीत ती उजेड कुणाला देते? सगळ्यात आधी बाईला. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या असतात, मग नवऱ्याबरोबर फडात. हिशोबात दोघं मिळून एक कोयता, चुलीचं काम त्या हिशोबात कुठेच नाही. त्या दोन तासांचा दहा वॅटचा बल्ब म्हणजे 20 वॅट-तास, दोन अँपिअर-ताससुद्धा नाही. रात्री उसाची गाडी भरायला आली तर फडात उजेड लागतो, नाहीतर पाचटात पाय कशावर पडेल सांगता येत नाही. मोबाईलचं तर विचारूच नका. गावाकडे आजीजवळ ठेवलेल्या लेकराशी बोलायचं साधन तेच. टपरीवर चार्जिंगला ठेवला की तो संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या ताब्यात.

त्यामुळे ही बॅटरी कुणाची, हा प्रश्न टोळीत फार महत्त्वाचा असतो. मुकादमाच्या पिकअपमधली असेल तर चार्जिंगचा नंबर तो लावणार. चार कोयत्यांनी मिळून घेतलेली असेल तर नंबर ते चौघं लावतात. आमच्याकडे कुणी वर्गणी काढून अशी बॅटरी घ्यायचा विचार करत असेल, तर बॅटरीच्या ब्रँडवर वाद घालण्याआधी जाड वायर, दोन फ्यूज आणि व्होल्टेज बघणारा रिले यांचे पैसे बाजूला काढा. बॅटरी जुनी असली तरी पहिला हंगाम निघतो.